हातभर ठेंगणं छप्पर

लासुर्ण्याच्या पुढं, कालवा जिथं कमरेत वाकल्यासारखा वळतो, तिथं एक पूल आहे आणि त्या पुलाला छप्पर आहे. घराला छप्पर असतं, गोठ्याला असतं, देवालाही असतं. पुलाला कशाला, असं विचारणारा माणूस भेटला की सावळाराम खुलायचा. पण गेल्या काही वर्षांत तसा माणूस भेटायचाच बंद झाला होता. खालच्या अंगाला काँक्रीटचा नवा पूल झाला. रुंद, सपाट, बोडका. बारामती एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं मोटारसायकलींवरून तिकडूनच सुसाट निघायची. ट्रॅक्टर तिकडून, दुधाचे टेम्पो तिकडून, शाळेची गाडीही तिकडूनच.

जुन्या पुलाच्या तोंडाशी सावळारामचं दोन खोल्यांचं घर. घरापुढं कडुनिंब, निंबाखाली बाज आणि बाजेवर सावळाराम. बायको कुशाबाई होती तोवर निदान ‘पुरे करा तुमच्या बाता’ म्हणणारं कुणीतरी होतं. ती गेली आणि बाता पुऱ्याही होईनात, सुरूही होईनात. मुलगा पिंपरीत, त्याचा फोन रविवारी यायचा. पण फोनवर बात मारता येत नाही. समोरच्याचा चेहरा दिसल्याशिवाय कुठं थांबायचं ते कळत नाही.

मग तो पुलात जाऊन बसायचा आणि छपरातल्या पारव्यांना सांगायचा. पारवे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, अगदी हुंकारही भरायचे. पण पारव्यांचा एक मोठा दोष होता. ते शंका काढायचे नाहीत. आणि ‘असं कसं होईल?’ असं कुणी विचारल्याशिवाय सावळारामची गोष्ट पुढं सरकायची नाही.

अशात एका सकाळी, ऐन गळिताच्या हंगामात, पुलाशी एक छोटी मोटार येऊन थांबली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली. डोक्याला रुमाल, हातात मोजायची टेप, गळ्यात कॅमेरा. पुलात शिरून ती वर बघत उभी राहिली, ती राहिलीच.

सावळारामनं बाजेवरून पाय खाली सोडले. पळत जावं असं वाटत होतं, पण घाई दिसता कामा नये म्हणून तो पायात चपला शोधत बसला. चपला पायातच होत्या.

“आबा, हा पूल तुमच्या माहितीतला आहे का?” तिनंच हाक मारली. “मी उत्कर्षा. बारामतीहून आलेय, आर्किटेक्ट आहे. पंचायतीनं पूल दुरुस्तीला काढलाय, त्याआधी सगळं मोजून घ्यायचंय. लाकडी पूल आणि वर छप्पर! कुणी घातलं हो हे?”

“कुणी घातलं न्हाय, ताई. आलं.”

“आलं म्हणजे?”

बस्स. एवढ्या दोन शब्दांसाठी तो माणूस किती दिवस उपाशी होता, ते तिला काय माहीत.

“हे छप्पर मूळचं डाळजचं,” सावळाराम म्हणाला. “तितल्या एका घरावर व्हतं. वैशाखात वावटळ उठली. घरातली माणसं जेवायला बसलेली. वावटळीनं अख्खं छप्पर उचाललं आन् भिगवणवरनं आभाळातनं आलं की हितं. पुलावर असं बसलं, जसं मापानं शिवलेलं. आढ्याला शिंकं टांगलेलं व्हतं, शिंक्यात दह्याचं गाडगं. दही हाललंसुदीक न्हाय.”

“आणि माणसं?”

“ती डाळजलाच. वरचं आभाळ बघत जेवली. घरमालक छप्पर मागायला आला व्हता, पर दही खाऊन परत गेला. म्हनला, हितं शोभतंय.”

उत्कर्षा इतकी हसली की पारवे उडाले. मग तिनं टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. “हे त्या खांबाला धरा आबा. डाळजच्या सुताराचं काम चांगलं आहे म्हणायचं.”

सावळारामनं टेप अशी धरली, जशी कुणी पालखीची दांडी धरावी.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. सावळारामनं दाढी केली होती. त्या दिवशी छप्पर एका इंग्रज मडमेनं घालून घेतलं होतं. मडमेची हॅट वाऱ्यानं कालव्यात पडली, ती एका माशानं डोक्यात घातली, आणि तो मासा पुढं भिगवणच्या बाजारात हॅटसकट विकायला आला, म्हणून. उत्कर्षा खांबांवर खुणा करत ऐकत होती आणि मधेच विचारत होती, “हॅट माशाला बसली कशी?” सावळाराम म्हणायचा, “माशाला मान नसती, त्यामुळं घट्ट बसली.” दुपारी तिनं आपल्या डब्यातली मेथीची भाजी त्याच्या ताटात वाढली. कुशाबाई गेल्यापासून दुसऱ्या माणसासमोर बसून तो पहिल्यांदाच जेवत होता. भाकरी मोडायचा आवाज दोन ठिकाणांहून येतो हे तो विसरूनच गेला होता.

तिसऱ्या दिवशी मात्र उत्कर्षा हसत आली नाही. कागद पसरून ती पुलाच्या तोंडाशी उभी राहिली.

“आबा, आज खरं सांगा. बाकी सगळं मला कळलंय. खालचे दगडी खांब जुने आहेत, कालव्याच्या वेळचे. वरचं लाकूड नंतरचं. खिळा एक नाही, सगळा सांगाडा खुंट्यांवर बसवलाय. बाजूच्या फळ्या बैलांना वाहतं पाणी दिसू नये म्हणून, बरोबर?”

“बरोबर. माळावरची बैलं. पाणी म्हनजे हिरीतलं काळं पाणी, एवढंच ठावं. वाहतं पाणी पायाखाली बघितलं की बसकन मारायची.”

“आणि छप्पर माणसांसाठी नाही, लाकडासाठी. पावसात सांधे कुजू नयेत म्हणून.”

“व्हय.”

“मग इतकं शहाणपणानं बांधणाऱ्यानं उंचीत एवढी चूक कशी केली? उसाची भरलेली गाडी याखालून जात नाही. हातभर कमी पडतंय. सरपंच दिग्विजयराव म्हणतात, उद्या जॅक लावून अख्खं छप्पर वर घेऊ, म्हणजे ट्रॉल्यासुद्धा इकडून जातील. पूल पुन्हा चालू होईल आबा. तुम्हाला आनंद नाही झाला?”

सावळारामला आनंद झाला नव्हता. त्यानं वर पाहिलं, मग खाली पाहिलं, मग बाजेवर जाऊन बसला.

“ट्रॉल्या जातील,” तो म्हणाला. “भुर्रकन जातील.”

“जायलाच हव्यात ना?”

“नव्या पुलावरनं जात्यात, त्या मला दिसत न्हाईत, ताई. हितनं न थांबता गेल्या तर दिसतील.”

उत्कर्षानं कागद गुंडाळला आणि ती बाजेच्या कडेला टेकली. सावळाराम सांगू लागला. या वेळी त्यानं मिशीवरून हात फिरवला नाही, आवाजही चढवला नाही; आणि तिथंच त्याचं चुकलं असावं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पलीकडच्या माळावर नुकताच ऊस आला होता आणि गावानं ठरवलं, आपणच पूल बांधायचा. नीळकंठ सुतार मुख्य. छपराची उंची ठरवायला म्हणून उसानं शिगोशीग भरलेली गाडी कालव्याकडेला आणून उभी केली. नीळकंठ सुतारानं शेजारी बांबू धरला, वरच्या मोळीपाशी खूण केली, वर चार बोटं मोकळी सोडली आणि काम सुरू केलं. पण कालव्याकडेला पाझर. गाडीची चाकं हातभर चिखलात रुतलेली, आणि बांबू उभा शेजारच्या दगडावर. गाडी ओढून काढताना सगळं गाव चाकांना भिडलं होतं, तरी चाकं किती खोल गेली होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हंगाम सरला. छप्पर चढलं ते उन्हाळ्यात. दिवाळीनंतर वाजतगाजत पहिली गाडी पुलात शिरली आणि पहिल्याच तुळईला अडकली. ताशेवाला वाजवतच राहिला, त्याला मागं दिसेना.

खोलून पुन्हा उभारायचं तर सगळ्या खुंट्या काढाव्या लागणार. लोक म्हणाले, पुढल्या वर्षी करू. तोवर वरच्या थराच्या मोळ्या अलीकडं उतरवायच्या, गाडी रिकाम्या डोक्यानं पार करायची, मोळ्या डोक्यावरून पलीकडं न्यायच्या आणि पुन्हा रचायच्या. हे काम एकट्या गाडीवानाला व्हायचं नाही. मग रीतच पडली: मागून येणाऱ्या गाडीवाल्यानं पुढच्याच्या मोळ्या वाहायच्या. मागची गाडी येईस्तोवर पुढच्यानं थांबायचं. भांडण असो, भाऊबंदकीचा दावा असो, पुलावर मोळीला हात लावायचाच. एक बोलत नव्हता, दुसरा बोलत नव्हता, पण मोळी या डोक्यावरून त्या डोक्यावर जायची. थांबलेल्याला कुशाबाई गूळ-पाणी द्यायची आणि सावळाराम गोष्ट. पुढल्या वर्षी करू, पुढल्या वर्षी करू, म्हणत सगळं आयुष्य असं माणसांत गेलं.

सांगून झालं. उत्कर्षा टक लावून बघत होती. आणि मग तिनं टाळी वाजवली.

“आबा, ही सगळ्यांत भारी. त्या हॅटपेक्षा भारी.”

“ही खरी हाय.”

“दहीपण खरंच होतं ना?”

“पोरी, ही खरी हाय.”

“बरं, मग एखादं माणूस दाखवा, ज्यानं मोळी वाहिली असेल. मी दिग्विजयरावांना आज संध्याकाळी काय सांगू? आबा म्हणतात, म्हणून?”

सावळारामनं मनातल्या मनात एकेक नाव घेऊन पाहिलं. नीळकंठ सुतार गेला. वरच्या वस्तीवरचे तात्या गेले. ज्याच्याशी त्यांचा दावा होता तो भाऊही गेला आणि ज्यानं तो मिटवला तोही गेला. कुशाबाई तर काय, तिनं शेवटची मोळी कधीच पलीकडं नेली. खोटं सांगायला कुणाची साक्ष लागत नाही. आयुष्यभर त्याचं सुखात चाललं होतं. आज एकदाच खरं निघालं तोंडातून, आणि त्याच्या बाजूनं बोलायला पारव्यांशिवाय कुणी नव्हतं.

“जेवून घे तू,” तो म्हणाला आणि काठी घेऊन फाट्याकडं चालू लागला.

फाट्यावर रस्ता दोन पुलांकडं फुटतो. ऊसतोडीच्या टायरच्या बैलगाड्या दुपारी तिथून कारखान्याकडं जायच्या. सावळाराम फाट्याच्या मधोमध उभा राहिला. गाड्यांची रांग पुढं निघून गेली होती; एकच मागं राहिलेली गाडी येत होती. बैलांपाशी एक काटकुळा माणूस चालत होता आणि उसावर, आभाळाला डोकं लावून, एक बाई बसली होती.

“नव्या पुलावर जाऊ नगा,” सावळाराम म्हणाला. “डांबर ओतलंय. बैलांचं पाय चिकटतील.”

“आत्ताच तर टॅक्टर गेला की मामा,” वरून बाई म्हणाली.

“टॅक्टरला पाय कुठं हायती?”

बाई विचारात पडली. तिचं नाव कौसल्या, नवऱ्याचं समर्थ. बीडकडची माणसं, इथल्या रस्त्यांवर परकी. समर्थनं बायकोकडं पाहिलं, बायकोनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. एवढा पिकला माणूस भर उन्हात उभा राहून डांबराची थाप कशाला मारील, असा तिनं हिशेब केला. तिचं चुकलं.

गाडी जुन्या पुलाकडं वळली आणि कडुनिंबापाशी पोचताच कौसल्याला समोरचं छप्पर दिसलं. ती उडी मारून खाली उतरली. बैल दोन पावलं आत शिरले आणि वरच्या मोळ्या तुळईला टेकल्या. बैल आपले आपण थांबले.

“मामा,” कौसल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमच्या घरचं काय खाल्लंय आमी?”

“काय न्हाय. आता गूळ खाशील.”

“गुळानं गाडी मागं जाईल का? चढावर बैल मागं सरकतंय व्हय कुठं?”

“मागं न्हाय, पुढं जायाचं. वरच्या मोळ्या उतरवायच्या, पलीकडं न्यायच्या.”

“आन् न्यायच्या कुणी? मागं हाय का कुणाची गाडी?”

सगळ्यांनी मागं पाहिलं. फाट्यापर्यंत रस्ता मोकळा होता. धुरळासुद्धा खाली बसला होता. सावळारामनं जरा जास्तच वेळ तिकडं पाहिलं.

उत्कर्षा मात्र वर बघत होती. पहिल्या तुळईच्या मधोमध लाकूड झिजून गुळगुळीत, बशीसारखं खोलगट झालेलं होतं. परवा तिनं ती झीज कागदावर नोंदली होती आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. आता उसाची वरली मोळी त्या खोलगट जागेत अशी टेकली होती, जशी रोजच्या उशीवर मान.

तिनं टेप बाजेवर ठेवली. रुमालाची चुंबळ केली. “द्या मावशी, खाली द्या एकेक.”

“तुमी? ताई, कपडे बघा आधी.”

“धुता येतात.”

समर्थ गाडीवर चढला, मोळ्या खाली सोडू लागला. पहिल्या मोळीखाली उत्कर्षा गुडघ्यात वाकली, दुसरीला तिला कळलं मान कशी धरायची. कौसल्या पायाखाली न बघता झपाझप जायची. सावळाराम आपल्या वयाला न शोभेल अशी डोक्यावर एक आणि काखेत एक मोळी घेऊन निघायचा आणि पुलाच्या मध्यावर येताच गोष्टीचा धागा उचलायचा. दह्याची गोष्ट त्यानं अलीकडून सुरू केली आणि पलीकडं पोचेस्तोवर डाळजचा घरमालक दही खाऊन मोकळा झाला.

“लई थापा मारता मामा तुमी,” कौसल्या धापा टाकत म्हणाली. “शिंकं कुठं गेलं मग?”

सावळाराम थांबला. डोळे चमकले. किती वर्षांनी कुणी शिंक्याची शंका काढली होती. “शिंकं नीळकंठ सुतारानं नेलं,” तो म्हणाला, “बायकोला झोका करून दिला.”

बशीसारख्या जागेला उसाच्या शेंड्यांचं टोक घासत गाडी पार झाली. पलीकडं मोळ्या पुन्हा वर चढल्या, समर्थनं नाडा आवळला. चौघं पुलाच्या सावलीला टेकले. सावळारामनं डब्यातून गूळ काढला. डबा बरेच दिवस न उघडल्यानं झाकण निघता निघेना. खाली कालव्याला पाणी सुटलेलं होतं आणि फळ्यांआडून त्याचा नुसता आवाज येत होता. गावाकडं पाऊस कसा झाला, समर्थच्या डाव्या बैलाचं शिंग कशानं मोडलं, उत्कर्षाला सासर बारामतीचं की माहेर, असं काहीबाही बोलणं झालं. कुणी महत्त्वाचं बोललं नाही. सावळारामनंही कुणाला मधे तोडलं नाही, ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट.

“डांबर काय दिसलं न्हाय मामा कुठं,” उठताना कौसल्या म्हणाली.

“वाळलं आसंल आतापतूर.”

ती हसली. मग गाडीवर चढता चढता म्हणाली, “राग नगा मानू. पर उद्यापासनं आमी नव्या पुलावरनंच. मुकादम बोलतोय उशीर झाला की.”

“जा की,” सावळाराम म्हणाला. “सरळ रस्ता सोडू नगा कुनाच्या सांगन्यावरनं.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. उत्कर्षानं फोन काढला.

“दिग्विजयराव? छप्पर उचलायचं नाही. पत्रा बदलू, कुजलेली फळी बदलू, उंची आहे तीच.”

फोनमधला आवाज सावळारामलाही ऐकू येत होता. “अहो मॅडम, मग ट्रॉली कशी जाणार?”

“थांबून जाईल. नाहीतर नव्या पुलावरून जाईल.”

“आबानं तुम्हालाबी गुंडाळलं वाटतं.”

“असंच समजा,” ती म्हणाली.

काम झालं होतं. उद्या सकाळी फोटो काढून ती इंदापूरला जाणार, तिथून पुढं परत बारामती. सावळारामनं ‘बरं’ म्हटलं आणि तिची मोटार दिसत होती तोवर हात वर धरून ठेवला.

छप्पर राहिलं. जसं होतं तसं, हातभर ठेंगणं. खाली थांबायला मात्र कुणी येणार नव्हतं, हे सावळारामला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पारवे परत आले होते. त्यांना आजचं सगळं ठाऊक होतं, त्यामुळं सांगण्यासारखंही काही नव्हतं.

उन्हं कलताना तो निंबाखालची बाज सरकवायला गेला तर बुंध्याआड एक मोळी. घाईत राहून गेलेली. तो तिच्याकडं बघत राहिला. रीत अशी की अलीकडं मोळी ठेवायची नाही. त्यानं ती एका झटक्यात डोक्यावर घेतली आणि पुलात शिरला. मध्यावर पोचला आणि थांबला. काहीतरी सुचलं की त्याच्या मिशीचा उजवा आकडा हलायचा, तो हलला.

सकाळी उत्कर्षाची मोटार पुलात शिरली आणि मध्यावर थांबली. वाटेवर आडवी एक मोळी पडलेली, आणि पलीकडं फळीला टेकून सावळाराम बसलेला, दाढी केलेला.

“हे काय आबा?”

“काल राहिली. पलीकडं न्यायला पायजे.” तो उठला नाही. “पर एकट्याला उचलत न्हाय बघ.”

काल एक डोक्यावर आणि एक काखेत घेऊन जाणारा म्हातारा उत्कर्षानं आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. तिनं मोटारीची किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, दार उघडलं. खाली वाकून तिनं मोळीचं एक टोक धरलं. दुसरं सावळारामनं धरलं. पूल काही फार लांबीचा नाही. दोघं हळूहळू चालू लागले, आणि सावळाराम म्हणाला,

“त्या नीळकंठ सुताराच्या झोक्याचं पुढं काय झालं, ते तुला सांगितलंच न्हाय म्या.”

“झोका तुटला असेल,” उत्कर्षा म्हणाली.

“तुटंल कसा?” सावळाराम म्हणाला, आणि चालायचा थांबला.